अंड्याचा हेल

बावीस वर्षं मी अंधारात बसून
अंड्यांमधून उजेड बघते.
खाली दिवा, वर अंडं,
आत तांबड्या रेघांची जाळी
आणि जाळीत अडकलेला एक ठिपका.
हलला तर उजवीकडे.
नाही हलला तर डावीकडच्या पेटीत.
दिवसाला किती, ते मोजणं मी कधीच सोडलं.
बाहेर सेंट लॉरेन्स गोठलेली असते
आणि माझे हात रवणीच्या कोंबडीइतके ऊबदार.

फेब्रुवारीत कुठेतरी जाणती माणसं
एका टेबलाभोवती बसतात,
पुढच्या हिवाळ्यात कोण येणार ते ठरवतात.
पाहुणा घरून निघायच्या आधी
त्याच्या मापाचा कोट शिवून ठेवायचा,
असा आमचा धंदा.
मग कुणाच्या तरी घशातून निघालेला तो विषाणू
हात बदलत बदलत इथवर येतो
आणि अकराव्या दिवशी
सुई त्याला माझ्या अंड्यात सोडते.

त्या वर्षी बाबांनी ऑक्टोबरातच लस घेतली.
जानेवारीत ताप, एकोणचाळीसच्या वर.
इस्पितळातल्या खाटेवरून, खोकल्याच्या दोन उबळींमध्ये, म्हणाले,
"ओडील, तुझ्याच अंड्यातली ना ही?"
हसत म्हणाले. तेच लागलं.

मी थिबोला गाठलं. तो वरच्या मजल्यावर
फेरेटच्या रक्ताच्या बाटल्या सांभाळतो.
म्हणाला, माणसाचा घसा धरायला
त्याला एका तऱ्हेची बोटं लागतात,
अंड्यातली त्वचा धरायला दुसऱ्या.
आत पडला की पहिले दिवस नुसता घसरतो.
मग स्वतःतलं एक अक्षर बदलतो.
एकच. बाकी सगळा तोच.
देश तसा वेश, दुसरं काय.
आपण मात्र तो वेश बघूनच
पहारेकऱ्यांना शिकवतो: हा चेहरा लक्षात ठेवा.
आणि दारात येतो तो
अंडं कधी न पाहिलेला.

मला सोलांज आठवली, माझी चुलतबहीण.
तीन वर्षं पॅरिसला राहून आली
आणि पहिल्याच दिवशी बाबांना फोन केला.
शब्द आमचेच, नाव आमचंच,
फक्त हेल तिकडचा.
"राँग नंबर," म्हणाले बाबा,
आणि ठेवून दिला.
घरात कितीतरी वर्षं हसलो आम्ही यावर.

बाबा सतराव्या दिवशी घरी आले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लस नसती तर याहून वाईट झालं असतं.
असेल. न झालेलं वाईट
कुठल्या दिव्यावर धरून बघायचं?

आता नदीपलीकडे नवा कारखाना उभा राहतोय.
पोलादाची पिंपं, पिंपांत पेशी,
कुत्र्याच्या मूत्रपिंडातून कधीकाळी घेतलेल्या.
तिथे म्हणे त्याला हेल बदलावा लागत नाही,
किंवा फारच कमी.
आणि तिथे अंधारात बसायला
कुणी लागत नाही.
थिबो हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.
मी विचारलं, म्हणजे मग दरवर्षी जुळेलच?
नाही, म्हणाला. तो बाहेरही बदलत असतोच,
आपण टेबलावरून उठेपर्यंत.
निदान आपल्या हातून बदलणार नाही, इतकंच.

आपल्या हातून.
मी त्या रात्री हात दोनदा धुतले,
मग स्वतःवरच चिडले.
काय केलं होतं मी? जिवंत ते जिवंत म्हटलं.

पुढच्या ऑक्टोबरात बाबांनी पुन्हा बाही वर केली.
परिचारिकेला विचारलं, "अंड्यातली की पिंपातली?"
तिला माहीत नव्हतं. ती लेबल शोधू लागली.
"राहू दे," बाबा म्हणाले,
"टोच. कोट थोडा ढगळ असला
तरी थंडीत उघडं फिरण्यापेक्षा बरा."
आणि मग, माझ्याकडे वळून,
"सोलांजचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"